सीमेहून जुनी वाट

मों ब्लां या आल्प्समधील सर्वोच्च पर्वताभोवतीची सुमारे १७० किलोमीटरची पायवाट फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते. ती मी अकरा दिवसांत पुरी केली. चौथ्या दिवशी २,५१६ मीटर उंचीच्या सेन्य खिंडीत पोहोचलो, तेव्हा आपण फ्रान्समधून इटलीत आलो हे केवळ नकाशावरून कळले. उतारावर सीमारक्षकांची जुनी दगडी चौकी लागली. तिथे आता निसर्ग-माहिती केंद्र आहे. तेव्हापासून एक प्रश्न मनात राहिला: आधी काय, वाट की सीमा?

जिनिव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने १७६० मध्ये या शिखरावर जाण्याची वाट शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. शिखर १७८६ मध्ये बाल्मा आणि पाकार यांनी सर केले आणि पुढच्या वर्षी सोस्यूरही वर पोहोचला. पण त्याच्या वीस वर्षे आधी, १७६७ मध्ये, त्याने पर्वताला पूर्ण फेरा घातला होता. ही प्रदक्षिणा भक्तीची नव्हती, खडक आणि हिमनद्या पाहण्यासाठी होती. वाटा मात्र त्याने पाडल्या नाहीत. गुरे उन्हाळी कुरणांवर नेणाऱ्यांच्या आणि खिंडी ओलांडून व्यापार करणाऱ्यांच्या पायांनी त्या आधीच मळलेल्या होत्या.

सोस्यूर फिरला तेव्हा आजच्या फ्रान्समधले शामोनी आणि इटलीतले कुर्मायर ही दोन्ही गावे सार्डिनियाच्या एकाच राज्यात होती. पूर्वेकडचा वाले प्रांतही स्वित्झर्लंडचा घटक झाला तो १८१५ मध्ये. सेन्य खिंडीवरून आंतरराष्ट्रीय सीमा गेली ती १८६० च्या तुरिन तहाने, सव्हॉय फ्रान्सला मिळाल्यावर.

सीमा आली म्हणून माणसे लगेच वेगळी झाली नाहीत. इटलीच्या आओस्ता खोऱ्यात इटालियनच्या जोडीला फ्रेंच आजही राजभाषा आहे. पर्वताच्या दोन्ही अंगांच्या जुन्या बोली एकाच फ्रँको-प्रोव्हान्साल कुळातल्या आहेत. उलट, शिखराचा माथा नेमका कोणाचा याबाबत फ्रान्स आणि इटलीचे नकाशे अजून जुळत नाहीत.

म्हणून या वाटेला 'तीन देशांना जोडणारी' म्हणणे मला उलटे वाटते. वाट आधीच एक होती. देशांनी ती नंतर वाटून घेतली. सीमेचा इतिहास तहनाम्यांत लिहिलेला सापडतो. गुराख्यांचा इतिहास वाचायचा, तर ती वाटच चालावी लागते.