जाळी, खिडकी आणि खडकी

पुण्याच्या वायव्येस असलेल्या खडकीचें नांव इंग्रजी अमदानींतील कागदपत्रांत 'किरकी' असें आढळतें. तें पाहून कित्येकांस वाटतें कीं मूळ नांव 'खिडकी' असावें. घोटाळा अगदींच निराधार नाहीं. फारशी लिपींत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहींत. त्यामुळें खडकी आणि खिडकी हे शब्द त्या लिपींत एकसारखेच दिसतात. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास वसविलेल्या दुसऱ्या खडकीचेंही (पुढें तिचें औरंगाबाद झालें, आतां ती छत्रपती संभाजीनगर आहे) इंग्रजी ग्रंथांत असेंच 'खिरकी' झालें. वस्तुतः आपल्या खडकीच्या नांवांत आहे तो खडक. खिडकीचा तेथें कांहीं संबंध नाहीं.

खिडकी म्हणजे तरी प्रथम खिडकी नव्हे. 'खडक्किका' या जुन्या शब्दाचा अर्थ मागचें किंवा बाजूचें लहान दार. शनिवारवाड्याच्या 'खिडकी दरवाजा' या नांवांत दार आणि खिडकी अद्याप एकत्र नांदत आहेत.

जाळीची गोष्ट निराळी. इंग्रजींत जाळीला 'लॅटिस' म्हणतात. तो शब्द लांकडाच्या पट्टीवरून आला. म्हणजे त्यांचें लक्ष सामानाकडे गेलें. आपला शब्द संस्कृत 'जाल' यापासून, म्हणजे मासे-पाखरें धरण्याच्या जाळ्यापासून आला. आपलें लक्ष गुंफणीकडे आणि तींतील छिद्रांकडे गेलें. करवंदीच्या झुडपांनाही आपण जाळीच म्हणतों, कारण आंत दडलेल्यास बाहेरचें दिसतें आणि बाहेरच्यास तो दिसत नाहीं.

कालिदासानें या छिद्रांचा फार सुंदर उपयोग केला आहे. उज्जयिनींतील स्त्रियांच्या केशधूपाचा धूर जाळ्यांतून बाहेर येऊन मेघाला पुष्ट करतो. अलकेंत मेघ घरांत शिरून चित्रें ओलीं करतात आणि चोरासारखे, धुराचें सोंग घेऊन, जाळीवाटेंच निसटतात. परंतु आम्हांस त्याहून नवल वाटतें तें मनुस्मृतीचें. तिच्या आठव्या अध्यायांत वजनमापांचा आरंभच जाळींतून आलेल्या उन्हांत दिसणाऱ्या धूलिकणापासून होतो. त्याचें नांव त्रसरेणु. असे आठ मिळून एक लिक्षा. दंड आणि कर्जव्यवहार यांच्या रूक्ष प्रकरणांत कोणा स्मृतिकारानें दुपारच्या कवडशाकडे टक लावून पाहिलें होतें, हें विसरतां येत नाहीं.

आतां पुन्हां खडकीकडे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं तेथें पेशव्यांची व इंग्रजांची लढाई झाली. बापू गोखले रणांत होते, मोरोपंत दीक्षित तेथेंच पडले. श्रीमंत दुसरे बाजीराव मात्र पर्वतीवर होते. देवळाच्या तटबंदींतील एक खिडकी दाखवून लोक सांगत आले आहेत कीं श्रीमंतांनीं खडकीचा पराभव पाहिला तो येथून. खडकीशीं खरोखर जोडावी अशी खिडकी ही एकच. आंत राहून बाहेरचें पाहणें हा तिचा धर्म. त्या दिवशीं तो राज्याच्या धन्यानेंही पाळला. १७ नोव्हेंबरास शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें, तेव्हां श्रीमंत पुण्यांत नव्हते.