आपल्याच सिनेमाची तिकिटं विकणारा हिरो

आज गोष्ट राजा गोसावींची. नाव ओळखीचं वाटत नसेल, तर घरातल्या साठीपुढच्या कुणालाही विचारा. आधी चेहरा हसेल, मग उत्तर येईल.

जन्म २८ मार्च १९२५, सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचा. सिनेमात शिरले ते मास्टर विनायक यांच्याकडे ऑफिसबॉय म्हणून. मग सुतारकाम, मेकअप, गर्दीतली कामं. हिरो व्हायच्या आधी या पोराने सिनेमाची मागची बाजू पुरती बघून घेतली होती.

१९५२ मध्ये आला ‘लाखाची गोष्ट’. दिग्दर्शक राजा परांजपे, संगीत सुधीर फडके आणि लेखन ग. दि. माडगूळकरांचं. गदिमा मूळचे आटपाडी भागातले, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले. खटाव काय, आटपाडी काय, दोन्हीकडे आभाळाकडे बघतच दिवस काढायचे. आणि या मुलखातल्या दोघांनी पडद्यावर मांडलं काय? खिसा रिकामा असलेल्या कलावंताने महिनाभरात एक लाख रुपये उडवून दाखवायचे! ज्याला पैसा कमवता येत नाही, त्याला तो संपवताही येत नाही. गंमत आहे ती इथेच.

आता खरी गोष्ट ऐका. पुण्यात भानुविलास टॉकीजला हा सिनेमा लागला, तेव्हा तिथल्या बुकिंगच्या खिडकीत तिकिटं फाडत होते खुद्द राजा गोसावी. पडद्यावर लाख उधळणारा माणूस बाहेर सुट्टे पैसे मोजत होता. नोकरी होती, घर चालवायचं होतं.

हा किस्सा लोक हसत सांगतात. मला मात्र त्यात त्यांच्या अभिनयाचं मूळ दिसतं. त्यांचा नायक कधी रुबाब करत नाही. तो गोंधळतो, थापा मारतो, पकडला जातो, पण लाचार होत नाही. भाडं थकलं की माणूस कसा बोलतो, हे त्यांना पाठ करावं लागलं नाही.

पुढे ‘अवघाचि संसार’सारखे सिनेमे आले, रंगभूमीवर ‘सौजन्याची ऐशी तैशी’ गाजलं. १९९८ मध्ये ते गेले.

गावाकडून शहरात येऊन, दिवसा नोकरी करून रात्री रील बनवणारे तुमच्यापैकी कितीतरी जण असतील. त्यांनी ‘लाखाची गोष्ट’ एकदा बघाच. पडद्यावरचा तो माणूस तुमच्यातलाच आहे.