प्रीती : एका आज्ञेची कुळकथा

रोजच्या मराठीतून ‘प्रीती’ जवळजवळ उठून गेली आहे. आपण प्रेम करतो, जीव लावतो, माया करतो. प्रीती कुणी करत नाही. ती उरली कराडच्या प्रीतिसंगमात, जुन्या नाट्यपदांत, मुलींच्या नावांत. आणि चर्चमध्ये. तिथं मात्र ती अजून कामावर आहे. देवावर प्रीती करायची, शेजाऱ्यावर प्रीती करायची, आणि सणाच्या दिवशी उपासना आटोपली की प्रीतिभोजनाला बसायचं.

या प्रीतीचं मूळ घराणं हिब्रू. मोशेच्या पाचव्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात इस्राएलला हुकूम होतो : सगळ्या हृदयानं, सगळ्या जिवानं, सगळ्या शक्तीनं देवावर प्रेम कर. (मराठीत या पुस्तकाचं नावच ‘अनुवाद’, पुढं या वाक्याच्या नशिबी जेवढे अनुवाद आले, ते पाहता नाव शोभून दिसतं.) मूळ क्रियापद ‘आहव’. ते काही खास देवासाठी राखून ठेवलेलं नाही. म्हाताऱ्या, आंधळ्या इसहाकाला शिकारीच्या मांसाचा चमचमीत पदार्थ आवडतो, तिथंही हेच क्रियापद आहे.

पण प्रेमाचा हुकूम कसा काढता येईल? आवड ही काय फर्मावण्याची गोष्ट आहे? या कोड्याची एक किल्ली 1955 साली इराकमधल्या निमरूदच्या उत्खननात मिळाली. अश्शूरचा राजा एसरहद्दोन यानं इ. स. पूर्व 672 मध्ये मांडलिकांकडून घेतलेल्या शपथांच्या मातीच्या पाट्या तिथं सापडल्या. युवराज अशुरबनिपालवर स्वतःच्या जिवाइतकं प्रेम करा, अशी त्यांत अट आहे. पुढं 1963 साली विल्यम मोरन या अभ्यासकानं दाखवून दिलं की त्या काळच्या तहनाम्यांत ‘प्रेम’ म्हणजे इमान. खाल्ल्या मिठाला जागायचं, दुसऱ्या दरबारात मुजरा करायचा नाही. ‘अनुवाद’चा गाभा पुष्कळ अभ्यासक एसरहद्दोनच्याच शतकातला मानतात. म्हणजे सम्राट जे इमान मागत होता तेच या पुस्तकानं उचललं आणि देवाच्या पायी वाहिलं. मला यात भक्तीइतकंच बंडही दिसतं.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या यहुदी पंडितांनी हे पुस्तक ग्रीकमध्ये नेलं आणि ‘आहव’साठी ‘अगापान’ हे क्रियापद घेतलं. त्याचंच नाम ‘अगापे’. अगापे म्हणजे निव्वळ निःस्वार्थ, दैवी प्रेम, असं प्रवचनांतून हमखास ऐकू येतं. ऐकायला गोड आहे, पण खरं नाही. त्याच ग्रीक शास्त्रात दावीदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीच्या, तामारच्या, मागं लागतो आणि तिच्यावर बळजबरी करतो. त्याच्या त्या वासनेलाही शब्द हाच आहे. शब्द जन्मतः सोवळा नव्हता. त्याला वळण लागलं ते वापरानं.

सगळ्यात मोठं वळण येशूनं दिलं. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, असं एका शास्त्र्यानं विचारलं, तेव्हा त्यानं ‘अनुवाद’मधलं हे वाक्य सांगितलं आणि लगेच लेवीय पुस्तकातलं शेजाऱ्यावर प्रेम करण्याचं वाक्य त्याला जोडून दिलं. दोन्ही वाक्यं जुनीच होती. गाठ त्यानं मारली. मार्काच्या शुभवर्तमानात हृदय, जीव आणि शक्ती यांच्या जोडीला बुद्धीही आली आहे. हिब्रूत ‘हृदय’ विचारही करतं, त्यामुळं तिथं तिचं वेगळं नाव घ्यायची गरज नव्हती.

लॅटिनमध्ये अगापेची ‘कारितास’ झाली. मूळ ‘कारुस’, म्हणजे लाडकं, महागमोलाचं. भाषाशास्त्रज्ञ याची सोयरीक थेट संस्कृत ‘काम’शी जुळवतात. ब्रह्मचारी मठवासीयांनी आयुष्यभर जपलेला शब्द कामदेवाचा चुलतभाऊ निघावा, याची मला गंमत वाटते.

आपल्याकडं ही आज्ञा ख्रिस्ती लोकांच्या आधी पोचली असावी. कोकणातले बेने इस्राएल यहुदी, गावच्या भाषेत शनवार तेली, घाण्यावर तेल गाळत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यांची परंपरा सांगते की ते हिब्रू विसरले, पण ‘शेमा’ विसरले नाहीत. देव एकच आहे असं सांगणारं हे शेमाचं वाक्य. प्रेमाची आज्ञा त्याच्या लगेच पुढची. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझात चर्मपत्राची जी गुंडाळी असते, तिच्यावर दोन्ही लिहिलेली असतात.

मग शास्त्र मराठीत आलं. 1811 साली बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी मराठी नवा करार छापला. पुढं भाषांतरं होत राहिली आणि ‘प्रीती’ रुळली. गोव्याच्या कोकणीत हीच जागा ‘मोग’ या शब्दानं घेतली. मराठीत खरं तर ‘भक्ती’ दाराशीच उभी होती, ज्ञानोबा-तुकोबांनी नांदवलेली. ती या वाक्यात का बसत नाही, हे गाठीचा दुसरा पदर हातात धरला की कळतं. शेजाऱ्याची भक्ती करता येत नाही. आणि देवानं जगावर भक्ती केली असंही म्हणता येत नाही. वर, खाली, आडवा, तिन्हीकडं चालेल असा शब्द हवा होता. ‘प्री’ धातूची ही लेक, ‘प्रिय’ आणि ‘प्रेम’ यांची बहीण, तिन्हीकडं चालली.

प्रीतिभोजनही या घराण्यातलंच. नव्या करारात यहूदाच्या पत्रात मंडळीच्या जेवणाला ‘अगापे’ असंच नाव आहे. पण जेवणाचा हा मामला सुरुवातीपासून भानगडीचा. करिंथच्या मंडळीत कुणी आपलंच आधी जेवून घेई, कुणी पिऊन तर्र होई, आणि गरीब उपाशी राही. पौलानं पत्र लिहून त्यांना झाडलं. आज ख्रिस्ती लग्नांत हौसेनं वाचला जातो तो प्रीतीचा अध्याय त्याच पत्रातला, या झाडाझडतीनंतर दोनच अध्यायांनी येणारा. आमच्याकडं प्रीतिभोजनाला पहिली पंगत पोरांची असते. वाढपी मंडळी शेवटी, पातेल्याच्या तळाशी जे उरेल त्यावर बसतात.