तुकडोजी महाराजांची खंजिरी

वऱ्हाडच्या इतिहासाचीं साधनें म्हणतांच सनदा, महजर व शिलालेख आमच्या डोळ्यांपुढें येतात. गाण्याचा ठेका त्यांत कोणी मोजीत नाहीं. परंतु या प्रांताच्या विसाव्या शतकाचा वृत्तांत लिहूं पाहणारास एका वाद्याजवळ थांबावेंच लागतें. तें वाद्य म्हणजे तुकडोजी महाराजांची खंजिरी.

महाराजांचा जन्म अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें ३० एप्रिल १९०९ रोजीं झाला. मूळचें नांव माणिक. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासांत 'तुकड्या' हें नांव मिळालें व तीच मुद्रा त्यांच्या पदांत आली. हा भाग बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून आम्ही तो लांबवीत नाहीं.

खंजिरीचा विचार मात्र फारसा झालेला नाहीं. कीर्तनकारास मृदंग, टाळ व मागें उभे राहणारे साथीदार लागतात; गवयास तंबोरा व तबलजी. खंजिरी म्हणजे लाकडाचें लहानसें कडें, त्यावर ताणलेलें चामडें व कडेस झांजा. ती एका हातांत मावते. पद रचणारा, गाणारा व ठेका धरणारा असे तिघे येथें एकाच देहांत आले. रचना मराठींत, तशीच हिंदींत. दरबाराचा आश्रय, नाटक मंडळीची नोकरी अथवा घराण्याची मान्यता यांवांचून हा गायक गांवोगांव फिरूं शकला. त्यांचें स्वातंत्र्य प्रथम या वाद्याच्या हलकेपणांत आहे, मग विचारांत, असें आमचें मत आहे. भाविकांस तें रुचो वा न रुचो.

ऑगस्ट १९४२ मध्यें आष्टी व चिमूर येथें उठाव झाले. त्याच महिन्याच्या २८ तारखेस महाराजांस चांदा येथें अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत राहून ते डिसेंबरच्या आरंभीं सुटले. भजनानेंच उठाव घडविला असें सरसकट म्हणणें आम्हांस धाडसाचें वाटतें. त्याचीं कारणें अनेक होतीं. पण भजनास जमलेला समुदाय भय सोडून एकत्र बसण्यास शिकला होता, एवढें म्हणावयास हरकत नाहीं. आणि जें गाणें लोकांच्या तोंडीं बसलें, त्याची छापील प्रत जप्त करून भागत नाहीं; गाणारासच धरावें लागतें.

अमेरिकेंत जाझ संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ मध्यें निघाली. त्या काळचा ठेका तेथील अभ्यासकांस आजही ऐकतां येतो. आमच्याकडे भजनांचे संग्रह निघाले, पण संग्रहांत शब्द उरतो. कोणत्या चरणावर खंजिरी थांबली, श्रोत्यांनीं कोठें ध्रुपद उचललें, हें कागदावर येत नाहीं. अमरावती-अकोल्याकडील भजनी मंडळांतील वृद्धांच्या कंठांतून या चाली टिपून घेणें, हें बखरीची नक्कल करण्याहून अधिक निकडीचें काम आहे. बखर कपाटांत आणखी कांहीं वर्षें निघेल.

१९३५ मध्यें महाराजांनीं मोझरी येथें गुरुकुंज आश्रम स्थापिला. १९५५ मध्यें ते जपानांतील विश्वधर्म परिषदेस गेले, तेथेंही त्यांचें भजन झालें. ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं गुरुकुंजांत त्यांचें देहावसान झालें. दरवर्षीं पुण्यतिथीस तेथें मोठा समुदाय जमतो आणि दुपारीं ४ वाजून ५८ मिनिटांनीं मौन पाळतो.