रिकामा एंटर : शून्य आणि एकचा इतिहास

१/ खामगाव वा चिखलीतील एखाद्या घरी वायफायचा राउटर सुरू होतो, तेव्हा मुख्य प्रणालीच्या आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो बूटलोडर. अनेक राउटरांत हे काम 'यू-बूट' करतो. त्याच्या कमांड-लाइनवर एक प्रथा आहे : काहीही न लिहिता एंटर दाबला, की मागचीच कमांड पुन्हा चालते.

२/ यू-बूटचे मूळ मॅग्नस डॅम यांच्या '८एक्सएक्सरॉम'मध्ये आहे. १९९९ मध्ये वोल्फगांग डेंक यांनी तो प्रकल्प सोर्सफोर्जवर नेला. तेथे अंकाने सुरू होणारे नाव चालत नसे, म्हणून तो 'पीपीसीबूट' झाला. पुढे पॉवरपीसीखेरीज इतर प्रोसेसरांवरही तो चालू लागला आणि नोव्हेंबर २००२ मध्ये 'यू-बूट' हे नाव आले. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ पाणबुडी.

३/ रिकाम्या एंटरचा उपयोग 'एमडी' या कमांडमध्ये दिसतो. मेमरीतील एक पत्ता दिला, की ती सहसा २५६ बाइट दाखवते. नंतर नुसता एंटर दाबला, की पुढचे २५६ बाइट येतात. पोथीचे पान उलटावे तसे. लांबलचक पत्ता पुन्हा टंकावा लागत नाही.

४/ परंतु प्रत्येक कृती पुन्हा करण्याजोगी नसते. 'इरेज' फ्लॅश मेमरी पुसते आणि फ्लॅशचा प्रत्येक भाग मर्यादित वेळाच पुसता येतो. बोट चुकून एंटरवर पडले म्हणून ती पुन्हा चालणे परवडणारे नाही.

५/ म्हणून यू-बूटमध्ये प्रत्येक कमांडच्या नोंदीत एक अंक असतो : १ म्हणजे पुन्हा चालेल, ० म्हणजे नाही. 'एमडी'ला १, 'इरेज'ला ०. सेटिंग जतन करणाऱ्या 'सेव्हएन्व्ह'लाही ०. अशा कमांडनंतर रिकामा एंटर काहीच करत नाही.

६/ हा विवेक एकट्या यू-बूटचा नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या जीडीबी या डीबगरमध्येही रिकामी ओळ म्हणजे 'पुन्हा तेच'. मात्र प्रोग्राम आरंभापासून चालवणारी 'रन' कमांड त्यातून वगळलेली आहे.

७/ डेंक २०२२ मध्ये निवर्तले. यू-बूटचा सोर्स कोड मात्र सर्वांसाठी खुला आहे. बुलडाण्यातील कोणताही विद्यार्थी तो उघडून, कोणत्या कमांडपुढे १ आहे आणि कोणत्या कमांडपुढे ०, हे स्वतः वाचू शकतो.