तारण, खंडणी आणि दास : काही शब्दांचा इतिहास

१९७२ च्या दुष्काळात आमची दीड एकर जमीन सावकाराकडे तारण पडली. मी तेव्हा सातवीत होतो. गाव अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातले. पूर्वीचा महारवाडा, त्यातली निम्मी घरे ख्रिस्ती. त्या उन्हाळ्यात एका रविवारी मास्तरांनी तारण या विषयावर उपदेश केला. ख्रिस्ताच्या ठायी आपले तारण झाले आहे, हे त्यांनी तऱ्हेतऱ्हेने सांगितले. उपासना सुटल्यावर आजी पुढे झाली आणि म्हणाली, "मास्तर, आपलं तारण झालंया म्हणता, मग ते सुटायचं कवा?"

लोक हसले. मास्तरही हसले. म्हातारीला शब्द कळला नाही, असा सगळ्यांचा समज झाला. आजी हसली नाही. तिला तो शब्द फार चांगला कळत होता. तिच्या सगळ्या आयुष्यात 'तारण' म्हणजे सावकाराच्या ताब्यात गेलेली आपली वस्तू. शास्त्रातले तारण वेगळे आणि सावकाराचे वेगळे, हे तिला कुणी समजावून दिले नव्हते. पुढे मी शिक्षक झालो, थोडेफार वाचले. तेव्हा लक्षात आले की आजीचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. बायबलातले मुख्य शब्द जिथून आले त्या जागेवरच तिने बोट ठेवले होते.

या लेखात तीन-चार शब्दांचाच विचार करायचा आहे. हे शब्द ख्रिस्ती माणूस रोज उच्चारतो. ते कुठल्या जीवनातून आले, मराठीत येताना त्यांचे काय झाले आणि आपल्यासारख्या समाजाने ते कसे ऐकले, हा इतिहास तपासल्याशिवाय दलित ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेचा विचार पुरा होत नाही.

शब्द कुणी घडवले?

मराठीत ख्रिस्ती धर्माची भाषा प्रथम घडली ती गोव्यात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. त्यांचा मुख्य श्रोता साष्टीतला धर्मांतरित ब्राह्मण होता. त्याला पुराण हवे होते, म्हणून पुराणाचा घाट आला, आणि पुराणाबरोबर स्वर्गाला 'वैकुंठ' हा शब्द आला. ग्रंथ मोठाच आहे, त्याची मराठीवरची माया खरी आहे. पण भाषा कुणाच्या घरातून उचलली हे नजरेआड करता येत नाही.

पुढे बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी पंडितांच्या मदतीने नवा करार मराठीत आणला, तो १८११ साली छापला गेला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांचा नवा करार १८२६ मध्ये पुरा झाला आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे उघडले. भाषांतराच्या या कामात मिशनऱ्याच्या शेजारी पंडित, शास्त्री बसत. ज्या महार-मांगांनी पुढे नगर जिल्ह्यात हा धर्म मोठ्या संख्येने स्वीकारला, त्यांना कुणी शब्द विचारायला गेले नाही. ते भाषांतराचे वाचक झाले, भाषांतराचे भागीदार झाले नाहीत.

याला मोठा अपवाद पंडिता रमाबाईंचा. जन्माने ब्राह्मण, संस्कृतात पारंगत; पण प्रचलित भाषांतरातली संस्कृतप्रचुर आणि हिंदू तत्त्वज्ञानाने भारलेली शब्दकळा त्यांना खटकली. सामान्य बाईला कळेल असे बायबल हवे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी केडगावला या एका कामात घातली. १९२२ मध्ये त्या गेल्या. त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये निघाले, तेही मुक्तिसदनातल्या स्त्रियांनी आपल्याच छापखान्यात छापलेले. ज्या बायकांसाठी पुस्तक, त्याच बायकांच्या हातून ते छापले गेले, अशी उदाहरणे मराठी मुद्रणाच्या इतिहासात फार नाहीत.

तारण

'तारण' शब्दाच्या मुळाशी तरणे, पैलतीरी जाणे आहे. आपल्या संतपरंपरेने या शब्दाभोवती भवसागराचे चित्र उभे केले. संसार हा समुद्र, देव हा नावाडी, आणि पैलतीर मरणानंतरचा. मराठी ख्रिस्ती माणसाने 'तारण' ऐकले तेव्हा हेच चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आले. इथले सोसायचे, तिथे सुटायचे.

आता मूळ हिब्रू शब्द पाहा. तो आहे 'येशूआ'. येशू हे नावही याच धातूतून आलेले. 'निर्गम' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात हा शब्द येतो, आणि तिथेही समुद्र आहे. पण तो भवसागर नाही. पुढे खरे पाणी आहे, मागे फारोचे रथ आहेत आणि मध्ये मिसरातून पळालेले वेठबिगार अडकले आहेत. विटा पाडणारे, माती तुडवणारे लोक. त्यांनी पाणी ओलांडले आणि ते मालकाच्या हातून सुटले. या घटनेला बायबल तारण म्हणते. दोन्हीकडे समुद्र आहे म्हणून शब्द जुळला. पण एका समुद्रापलीकडे मोक्ष होता आणि दुसऱ्यापलीकडे वेठबिगारीतून सुटका. भाषांतरात समुद्र राहिला, फारो मात्र गळून पडला.

खंडणी आणि गोएल

दुसरा शब्द 'खंडणी'. येशू आपला प्राण पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देतो, असे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. मराठी माणसाला खंडणी म्हटले की मराठेशाहीतली वसुली आठवते, आणि आता गुंडाची चिठ्ठी. मूळ ग्रीक शब्द 'लुट्रॉन' हा युद्धकैद्यांच्या आणि गुलामांच्या व्यवहारातला. गुलाम सोडवायला जी किंमत मोजावी लागे ती लुट्रॉन. पौलही करिंथकरांना लिहिताना 'तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात' अशा अर्थाचे बोलतो, तेव्हा तो गुलामांच्या बाजारातलाच शब्द वापरतो. त्या मंडळीत गुलाम बसलेले होते. त्यांना अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती.

याच्याही मागे हिब्रू शब्द आहे, 'गोएल'. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचा कायदा दिला आहे. भाऊबंद गरिबीने जमीन विकून बसला, तर त्याच्या जवळच्या आप्ताने पुढे होऊन ती सोडवायची. माणूस स्वतःच विकला गेला असेल तर त्यालाही सोडवायचे. असे सोडवणारा तो गोएल. रूथच्या गोष्टीतला बवाज हा असाच गोएल. आणि कुणीच सोडवले नाही, तरी पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकून जमीन मूळ घराकडे परत जावी, बांधलेली माणसे मोकळी व्हावीत, असाही नियम त्याच अध्यायात आहे. इस्राएलाने आपल्या देवाला जो 'उद्धारक' म्हटले, तो हा शब्द. देव म्हणजे आपला जवळचा भाऊबंद, जो गहाण पडलेले सोडवतो.

इथे मला घरची गोष्ट सांगितली पाहिजे. आमची जमीन सुटली ती १९७४ मध्ये. मंडळीने आमच्यासाठी प्रार्थना पुष्कळ केल्या. पैसे धाडले ते माझ्या धाकट्या चुलत्यांनी. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. ते मुंबईला गिरणीत होते. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला गेले आणि तिथेच दीक्षा घेऊन परतले. तेव्हापासून आमच्या घरात दोन धर्म. वडील आणि नाना यांच्यात त्यावरून बोलणेही थोडे कमीच होते. पण जमीन तारण पडल्याचे कळल्यावर नानांनी दोन वर्षे पगारातून पैसे काढून ठेवले आणि सावकाराचा कागद फाडून आणला. बायबलाच्या शब्दांत बोलायचे तर आमच्या ख्रिस्ती घराचा गोएल बौद्ध होता. वडिलांनी हे कधी उघड कबूल केले नाही. आजीने मात्र नानांच्या हातात कागद पाहिला आणि म्हणाली, "आता सुटलं बघ."

दास

तिसरा शब्द 'दास'. पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो. मराठीत दास शब्दाला भक्तीचा सुगंध आहे. रामदास, तुलसीदास. असे नाव घेणारा माणूस नम्र वाटतो, अंकित वाटत नाही. ग्रीक 'दूलोस'ला असा सुगंध नव्हता. दूलोस म्हणजे विकत घेतलेला माणूस. फिलिप्पैकरांना लिहिताना पौल ख्रिस्ताने दूलोसचे रूप घेतले असे म्हणतो आणि लगेच वधस्तंभावरच्या मरणाकडे येतो. त्या काळी ते मरण प्रामुख्याने गुलामांचे आणि बंडखोरांचे होते. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर इ. स. पूर्व ७१ मध्ये रोमनांनी कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर सहा हजार गुलाम वधस्तंभावर दिले. तो रस्ता डोळ्यांसमोर ठेवून पौलाचे वाक्य वाचले पाहिजे.

हिब्रूत तर आणखी एक विशेष आहे. 'आवोदा' या एकाच शब्दाने मिसरातली वेठही सांगितली जाते आणि देवाची उपासनाही. 'माझ्या लोकांना माझी सेवा करू दे' असे मोशे फारोपुढे म्हणतो, याचा अर्थ तुझी सेवा आता बंद. उपासना म्हणजे कामबंदी, असा तो सरळ व्यवहार होता.

पण एवढ्यावर थांबलो तर मी अप्रामाणिक ठरेन. ज्या अध्यायात पन्नासाव्या वर्षीची मुक्ती आहे, त्याच अध्यायात परक्या लोकांतून घेतलेले गुलाम कायमचे ठेवायला परवानगीही आहे. इफिसकरांस पत्रात गुलामांना धन्याची आज्ञा पाळायला सांगितले आहे. हे शब्दही बायबलातलेच. ते कुणाच्या उपयोगी पडले हे इतिहासाने दाखवले. १८०७ मध्ये लंडनला वेस्ट इंडीजमधल्या निग्रो गुलामांसाठी एक बायबल छापले गेले. निवडक भाग, असे त्याचे नाव. त्यात मिसरातून सुटण्याची कथा गाळली होती. आज्ञापालनाचा उपदेश ठेवला होता. मालकांना कोणत्या शब्दांची भीती वाटत होती, हे त्या गाळलेल्या पानांवरून कळते. आणि त्याच गुलामांच्या वंशजांनी आपल्या गाण्यांतून मोशे आणि फारो परत आणले.

पाप

बाबासाहेबांचा ख्रिस्ती धर्मावरचा एक आक्षेप आपण ख्रिस्ती लोकांनी नीट ऐकलेला नाही. धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी लिहिले ते त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही; इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ते १९८९ मध्ये आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसाचे पतन त्याच्या स्वतःच्या पापामुळे, ही शिकवण अस्पृश्याला दिली की तो आपल्या दुःखाचे कारण आपल्यातच शोधतो, भोवतालच्या समाजरचनेला हात लावत नाही. हा आक्षेप खरा आहे. मी स्वतः तसा वाढलो. दुष्काळ, उपास, सावकार, सगळ्याला मास्तरांचे उत्तर एकच असे. आम्ही पापी आहोत.

त्यात मराठी 'पाप' शब्दाने भर घातली. आपल्याकडे पाप म्हटले की मागचा जन्म आलाच. महाराचा जन्म हाच पापाचा पुरावा. हिब्रूत पापाला एक शब्द नाही. 'खेत' म्हणजे नेम चुकणे, 'पेशा' म्हणजे बंड, विश्वासघात. संदेष्टे हे शब्द वापरतात तेव्हा त्यांचे बोट बहुधा राजाकडे, सावकाराकडे, खोटे माप ठेवणाऱ्याकडे असते. आमोस हा मेंढपाळ. गरिबाला जोड्याच्या किमतीत विकणाऱ्यांना तो पापी म्हणतो. विकल्या गेलेल्याला म्हणत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. कर्मविपाकाला इतके रोखठोक उत्तर बायबलात आहे आणि महारवाड्यातल्या उपदेशात मी ते एकदाही ऐकले नाही.

आज

१९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या ईशज्ञानाची मांडणी केली आणि त्यातून दलित ईशज्ञानाची वाट निघाली. आपल्या अनुभवातून शास्त्र वाचण्याचा हक्क त्यांनी मागितला. तो हक्क अजून गावच्या मंडळीपर्यंत पुरता पोचलेला नाही.

राज्यव्यवस्थेनेही आपला अर्थ लावला आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी दुरुस्ती झाली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. नानांचा नातू आणि माझा मुलगा एकाच पणजीचे. गावाच्या लेखी दोघांची जात एक, दाखल्यावर वेगळी. तुमचे तारण झाले म्हणजे जात गेली, असे राज्य आम्हाला सांगते. चर्चच्या कब्रस्तानात आणि लग्नाच्या बोलणीत ती गेलेली नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी, पाळकांनी हे शब्द वस्तीत घेऊन बसावे. तारण, खंडणी, दास, पाप. बायाबापड्यांना विचारावे, तुम्ही हा शब्द ऐकता तेव्हा काय दिसते? त्यांची उत्तरे लिहून ठेवावीत. बौद्ध भावंडांनाही त्या बैठकीला बोलवावे. आमच्या घरात तरी या शब्दाचा अर्थ नानांनीच पुरा केला होता. पुढचे भाषांतर करणाऱ्याने पंडिताकडे जाण्याआधी ही वही वाचावी.