हेडर फाइलमध्ये ‘कर्नलचं’ आणि ‘प्रोग्रामचं’ वेगळं का ठेवतात?
तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स कर्नल असतो. ईएमएमसी स्टोरेज किती झिजलंय, हे ‘एमएमसी-युटिल्स’सारखं टूल कर्नलमार्फत चिपला विचारतं. हा प्रश्न कोणत्या साच्यात विचारायचा, ते हेडर फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

पूर्वी अनेक हेडरमध्ये हा साचा आणि कर्नलचा खासगी कोड एकत्रच असायचा. ‘हे फक्त कर्नलसाठी’ अशी अट घालून खासगी भाग झाकावा लागे. २०१२ मध्ये, लिनक्स ३.७ पासून, बाहेरच्या प्रोग्रामसाठीच्या व्याख्या ‘यूएपीआय’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये गेल्या.

फायदा? खासगी कोड डेव्हलपर बिनधास्त बदलू शकतात. यूएपीआयमधला साचा बदलला तर मात्र जुने प्रोग्राम बंद पडू शकतात. म्हणून तिथे नवं जोडतात, जुनं मोडत नाहीत.